तार गिटारची, आवाज सनईचा

गेल्या मे महिन्यात कुडाळकडच्या एका हळदीला साऊंड माझ्याकडे होता. ऑर्केस्ट्रा मुंबईहून आलेला, त्यातला गिटारवाला म्हणजे विशीतला पोरगा, गळ्यात साधी काळी गिटार आणि पायाशी जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. हळद लावायला सुरुवात झाली तशी त्याने पायाने एक बटण दाबलं आणि माझ्या स्पीकरमधून चक्क सनई सुरू झाली. मांडवाच्या कडेला एक आजोबा बसलेले, तरुणपणी देवळात सनई वाजवायचे ते. उठले, स्टेजच्या मागे एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "सनयवालो खंय बसलो हा रे?" मी गिटारकडे बोट दाखवलं तर माझ्याकडे असे बघायला लागले जसा मीच दोन पेग मारून आलोय.

त्याचा व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर गेला आणि मग काय, आत रेकॉर्डिंग लावलेलं का, हे एआय आहे का, मागे कीबोर्डवाला लपवलेला का, एक ना दोन. उत्तरं टाईप करून अंगठा दुखायला लागला म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. मी काही इंजिनिअर नाही, पण बरीच वर्षं मिक्सरमागे काढलीत आणि असली यंत्रं उघडून, जोडून, शिव्या घालून झालीत.

आधी साधी इलेक्ट्रिक गिटार काय करते ते बघू

लाकडी गिटारीचा आवाज तिच्या पोकळ पोटातून येतो. इलेक्ट्रिकला बहुतेक वेळा पोकळ पोट नसतंच, सरळ फळी असते. तिच्यात तारांच्या खाली एक चुंबक बसवलेलं असतं आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला म्हणतात पिकअप. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांमध्ये वीज तयार होते, अगदी इवलीशी, आणि तार जशी हलते तशीच ती वीज हलते. ती केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरला गेली की झाला आवाज. हा प्रकार १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाजारात आला, रिकनबॅकर कंपनीची ती पहिली गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती आणि दिसायला इतकी तव्यासारखी की लोक तिला 'फ्राईंग पॅन'च म्हणायचे.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे. पिकअपमधून हवा बाहेर येत नाही, लाकूड बाहेर येत नाही, येते ती फक्त हलणारी वीज. आणि वीज एकदा हातात आली की तिचे आकडे करता येतात. सीडीवरचं गाणं म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून लिहिलेले आकडेच की. आकडे आले की गणित आलं, आणि गणिताने त्याचं काय वाट्टेल ते करता येतं. डिजिटल डिजिटल म्हणतात ते एवढंच.

सहा तारांची मासळी एकाच टोपलीत

अडचण अशी की साध्या गिटारीच्या सहाही तारांची वीज एकाच वायरीतून बाहेर पडते. म्हणजे लिलावात बांगडा, सौंदाळा, कोळंबी सगळं एकाच टोपलीत ओतून ठेवल्यासारखं. खायला ठीक आहे पण कोणता मासा कुठल्या जाळ्यातला हे विचाराल तर कोण सांगणार. यंत्राला मात्र तेच कळावं लागतं, कुठली तार, कुठला सूर.

म्हणून या गिटारींना खास पिकअप लागतो, प्रत्येक तारेला वेगळा, सहा तारा सहा टोपल्या. हे दोन तऱ्हेने करतात. एक म्हणजे तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ एक बारीक पट्टी चिकटवायची, तिच्यात प्रत्येक तारेखाली स्वतंत्र चिमुकला पिकअप. दुसरं म्हणजे प्रत्येक तारेच्या टेकूतच एक स्फटिक बसवायचा, पिएझो नावाचा. पिएझो म्हटल्यावर घाबरू नका, तुमच्या स्वयंपाकघरात आहे तो. गॅस लायटरचं बटण दाबलं की टक् करून ठिणगी पडते ना, आत असल्याच स्फटिकावर दणका बसतो आणि त्यातून वीज निघते. दाबलं की वीज देणारे हे स्फटिक क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. लायटरमध्ये जोरात हातोडा बसतो म्हणून ठिणगी उडते, गिटारीत तारेची थरथर बसते म्हणून थोडीशीच वीज येते, तत्त्व तेच.

आता सहा तारांची सहा वेगवेगळी वीज मिळाली. इथून पुढे दोन रस्ते फुटतात आणि लोकांचा सगळा गोंधळ होतो तो हे दोन एकच समजल्यामुळे.

रस्ता पहिला: चिठ्ठी पाठवायची

ऑक्टोपॅड सगळ्यांनी बघितलाय. आपल्याकडे गणपतीला, हळदीला, बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड नाही असं होतच नाही. रबराच्या आठ चौकोनांवर काठी मारायची आणि ढोलकी, ताशा, जे लावाल ते वाजतं. रोलंड या जपानी कंपनीने तो १९८५ मध्ये आणला. त्यात रबर काही वाजत नाही, रबर फक्त आत निरोप देतं, 'तिसऱ्या चौकोनावर बसला, एवढ्या जोरात'. निरोप मिळाला की आत साठवलेला आवाज बाहेर.

हळदीतली सनई याच जातीची. गिटारीची तार स्वतः वाजून ऐकू येत नव्हती, ती आत चिठ्ठी पाठवत होती, 'हा सूर, आत्ता, एवढ्या जोरात, आणि आता संपला'. या चिठ्ठ्यांची एक ठरलेली भाषा आहे, तिला मिडी म्हणतात, १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवली म्हणून एका कंपनीची गिटार दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू शकते. जोर किती हे मिडीत ० ते १२७ या आकड्यांत लिहितात, म्हणजे तुमचं सगळं प्रेम, राग, उत्साह त्या १२७ च्या आत.

पण ऑक्टोपॅडला कुठल्या चौकोनावर बसला हे आयतं कळतं. कीबोर्डलाही कळतं, प्रत्येक पट्टीखाली स्वतःचं बटण असतं. गिटारीच्या तारेला बटण नाही. ती नुसती थरथरते आणि त्या थरथरीवरून यंत्राने ओळखायचं की हा कुठला सूर. इथेच खरी मेख आहे.

लाटा मोजल्याशिवाय सूर कळत नाही

देवगडच्या किनाऱ्यावर उभे राहा आणि कोणी विचारलं, लाटा किती अंतराने येतायत? एक लाट बघून सांगता येईल? नाही. दुसरी यायची वाट बघावीच लागते, आणि लाटा जेवढ्या सावकाश येतील तेवढं जास्त थांबावं लागतं. यंत्राचं हेच होतं. गिटारीची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा हलते, म्हणजे एका हेलकाव्याला १२ मिलिसेकंद (सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे मिलिसेकंद). खात्री व्हायला दोन हेलकावे बघितले की २४ झाले. त्यात तार छेडल्या छेडल्या पहिला क्षणभर नुसता खरखराट असतो, सूर नंतर बसतो. सगळ्यात बारीक तार मात्र सेकंदाला ३३० च्या आसपास हलते, तिचा एक हेलकावा ३ मिलिसेकंदांत उरकतो.

२४ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात आठेक मीटर. आता भजनात पखवाजवाल्याला आठ मीटर लांब बसवा, मधले माईक-स्पीकर बंद करा आणि त्याच्याबरोबर झांज धरून बघा, बुवा तुमच्याकडे कसे बघतात ते. ऐकणाऱ्याला कळत नाही पण वाजवणाऱ्याला हातात आवाज लागतच नाही, चिखलात चालल्यासारखं होतं. म्हणून हुशार गिटारवाले जाड तारांचा आवाज हवा असला तरी बारीक तारांवर वाजवतात आणि यंत्राला सांगतात एक सप्तक खाली कर. तो हळदीतला पोरगाही सगळी सनई वरच्या दोन तारांवरच वाजवत होता, मी मुद्दाम जाऊन बघितलं.

दुसरा त्रास भुतांचा. आमच्याकडे आधीच कमी होती म्हणून ही नवीन. बोट चुकून दुसऱ्या तारेला लागलं, तळहात घासला, तरी यंत्राला वाटतं सूर आला, आणि मध्येच कुठून तरी सनईची एक किंकाळी निघते. त्यामुळे ही गिटार वाजवायची तर हात फार स्वच्छ लागतो. साध्या गिटारीवर जे चालून जातं ते इथे चालत नाही.

रोलंडने याची सुरुवात केली १९७७ साली, जीआर-५०० पासून, म्हणजे मिडीच्याही आधी. त्यातला आवाज साठवलेला नव्हता, सर्किटच तो तयार करायचं. तेव्हापासून आजपर्यंत यंत्रं हजार पटीने वेगवान झाली तरी जाड तारेच्या एका हेलकाव्याला १२ मिलिसेकंद लागतात ते लागतातच. तार यंत्राच्या बापाचं ऐकत नाही.

रस्ता दुसरा: सोंग घ्यायचं

आता जत्रेतला दशावतार आठवा. दिवसा भातशेतीत राबणारा माणूस रात्री रंग लावून राजा होतो. चाल त्याची, गळा त्याचा, पण मुकुट, खांद्यावरचा शेला, भुवया बदलल्या की समोर राजा. दुसऱ्या रस्त्यात गिटारीची तार हेच करते. तिची खरीच थरथर पुढे जाते, तिच्या जागी दुसरा कोणी येत नाही, फक्त गणित तिला रंग लावतं. याला मॉडेलिंग म्हणतात. रोलंडने १९९५ मध्ये व्हीजी-८ नावाचं यंत्र काढलं ते या पद्धतीचं, आणि २००२ च्या शेवटी लाईन सिक्स कंपनीने व्हॅरियाक्स नावाची गिटारच काढली जिच्या पोटात हा सगळा संगणक होता.

रंग लावायचा म्हणजे नेमकं काय? विहिरीत वाकून हाक मारली की आवाज घुमतो, तीच हाक माळरानावर मारली की कोरडी पडते. हाक एकच, विहिरीने काही सूर फुगवले, काही गिळले. लाकडी गिटारीचं पोट म्हणजे अशीच एक विहीर. कुठले सूर किती फुगवते, किती गिळते हे मोजून ठेवलं की कुठल्याही तारेच्या विजेवर तो हिशेब चढवता येतो आणि फळीची गिटार पोकळ गिटारीसारखी बोलायला लागते. पिकअप ब्रिजजवळ असला तर आवाज तिखट येतो, मानेजवळ असला तर गोलसर, तोही हिशेब मांडता येतो, म्हणजे पिकअप तिथे नसताना तिथे असल्यासारखं करता येतं. बँजोची, म्हणजे अमेरिकेतल्या त्या चामड्याच्या बँजोची, खूण अशी की सूर टण्णकन येतो आणि लगेच मरतो, तेही जमतं.

यात सूर ओळखायची भानगड नाही त्यामुळे वाट बघणं नाही, भुतं नाहीत, सहा तारा एकदम खरवडल्या तरी चालतं. पण सोंगाला मर्यादा असते. तारेचं सोंग तारेलाच शोभतं. बारा तारांची गिटार, मेटलच्या तबकडीची डोब्रो, सतार, इथपर्यंत झकास. सनई काढायला गेलात की पहिल्याच रस्त्याला यावं लागतं.

सतारीची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. सतारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात ती सपाट-बाकदार असते, तार तिला घासत घासत हलते आणि त्यातून तो झणकार येतो, जवारी म्हणतात ती. १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल कंपनीने एक इलेक्ट्रिक सतार काढली, म्हणजे होती गिटारच, पण घोडी अशी की तारा झणझणाव्यात. डिजिटल काहीच नाही, नुसती सुतारकी. आणि व्हॅरियाक्समध्ये जी 'सतार' आहे ती खऱ्या सतारीची नाही, त्या कोरल गिटारीची. म्हणजे नकलेची नक्कल. ऐकून एखादा बनारसचा उस्ताद कपाळावर हात मारेल, पण जुन्या इंग्रजी गाण्यांत जो सतारीसारखा आवाज येतो त्यातला बराचसा त्या कोरलचाच, त्यामुळे गिटारवाल्याला हवा असतो तोच.

आणखी एक फजिती. या गिटारी एका बटणावर पट्टी बदलून देतात, हातातल्या तारा एका सुरात आणि स्पीकरमधून दुसऱ्या. घरी आवाज बारीक ठेवून वाजवलं तर खऱ्या तारांचा आवाजही कानावर येतो आणि दोन्ही मिळून असं काही बेसूर लागतं की घरचे दार लावून घेतात. हेडफोन लावा, नाहीतर स्पीकर मोठा करा.

(तिसराही प्रकार आहे, साध्या गिटारीला जोडायचे छोटे पेडल, चर्चमधल्या ऑर्गनसारखा आवाज देणारे वगैरे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बी-९ हे २०१४ चं. खास पिकअप लागत नाही. ऑर्गनचा आवाज सरळसोट असतो म्हणून तिथे छान जमतं.)

"म्हणजे शेवटी रेकॉर्डिंगच ना?"

पहिल्या रस्त्यात, हो, बऱ्याचदा. खऱ्या वाद्याचा एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. पण कुडाळ स्टेशनवर "गाडी क्रमांक अमुक, फलाट क्रमांक तमुक" ऐकता तेही तुकडेच जोडलेले असतात, म्हणून कोणी म्हणत नाही की आजची गाडी कालचीच आहे. तुकडे साठवलेले, कुठला कधी वाजायचा ते बोटं ठरवतात. मात्र जोडणी ढिली असेल तर ती स्टेशनसारखीच ऐकू येते, हे खरं.

आणि नाही, हे एआय नाही. यातलं बहुतेक सगळं एआय शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीचं, मोजणी आणि गुणाकार.

"मग कीबोर्ड काय वाईट?"

वाईट काहीच नाही, स्वस्तही पडतो आणि भुतं काढत नाही. पण वीस वर्षं गिटार वाजवलेल्या माणसाची बोटं पट्ट्यांवर आंधळी असतात. शिवाय तार ओढून सूर वर चढवता येतो, सरकवता येतो, आणि ही ओढाताण चिठ्ठीत लिहून जाते. सनईतली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, साध्या कीबोर्डवर काढायची तर डाव्या हाताने कडेचं सूर वरखाली करायचं चाक फिरवत बसावं लागतं, गिटारीवर बोट आपसूक करतं. माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापाचा फायदा इथेच आहे, बाकी नाटकं.

"ही फसवणूक नाही का?"

ग्रुपवर यावरून दोन काका जवळजवळ भांडले. एकाचं म्हणणं आपलं पारंपरिक ते पारंपरिक. त्यांना मी विचारलं, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, पेटी चालते का? पेटीशिवाय भजन नाही! तर ती पेटी, म्हणजे हार्मोनियम, पॅरिसच्या देबँ नावाच्या माणसाने १८४२ मध्ये पेटंट घेतलेलं वाद्य. तिच्यावर मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभं केलं नव्हतं. आणि आपला बेंजो? टाईपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये तयार झालेल्या ताईशोगोतोचं पोर, आपण त्याला बुलबुल तरंग म्हटलं, पिकअप लावला आणि विसर्जनाला काढलं. नाव अमेरिकेचं, जन्म जपानचा, नाचतं कोकण.

पण दुसऱ्या काकांचा मुद्दा मला पटला, पोटाचा. हळदीला सनई-चौघडा बोलवायचा म्हणजे चार माणसांची बिदागी आली, आणि एका पोराच्या बटणावर काम भागत असेल तर यजमान दुसऱ्यांदा विचार करणारच. गणित कितीही सुंदर असलं तरी हे होतंय, आणि मी ज्या मिक्सरमागे बसतो तिथून ते स्पष्ट दिसतं. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

आजोबांनी घेतलेली परीक्षा

जेवणं झाल्यावर आजोबा स्टेजवर गेले. पोराला म्हणाले, एक सूर धर आणि धरून ठेव. त्याने धरला, तार हळूहळू विझत गेली आणि सूर संपला. सनईवाला नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, त्याचा सूर तुटत नाही, तारेला मात्र एकदा छेडलं की उतरणच. पोराने मग होल्डचं पेडल दाबलं. सूर थांबला, पण तो असा सपाट, एसटीच्या हॉर्नसारखा. आजोबांनी मान हलवली. श्वास वाढतो, कमी होतो, मध्येच जरा थरथरतो, त्यातलं तारेला काहीच माहीत नाही, आणि जे तारेला माहीत नाही ते चिठ्ठीत कुठून येणार.

पोरगा हुशार होता. त्याने दुसऱ्या एका पेडलवर, एक्स्प्रेशन पेडल म्हणतात त्याला, पाऊल ठेवलं आणि ते हळूहळू दाबत सूर फुगवला, उतरवला, पुन्हा फुगवला. आजोबा गिटार सोडून त्याच्या बुटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे श्वास तू पायान घेतंस मां!"

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी

दुकानात गेलात तर दुकानदार वरच्या तारांवर बासरी वाजवून दाखवेल. तुम्ही गिटार हातात घ्या, सगळ्यात जाड तारेवर भरभर वाजवा, आवाज मागे रेंगाळतो का ते बघा. मग मुद्दाम घाणेरडं वाजवा, भुतं किती निघतात ते कळेल. आधीच गिटार असेल तर नवीन घेऊ नका, चिकटवायचा पिकअप आणि यंत्र वेगळं मिळतं.

आपल्याकडच्या दोन गोष्टी. पावसाळ्यात तारा गंजतात आणि गंजलेल्या तारेचा सूर यंत्राला नीट ओळखू येत नाही, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, आणि जून ते सप्टेंबर तारांचा एक जादा सेट घरात ठेवा. दुसरं, लाईट. या गिटारींपैकी काहींना साधा पिकअप नसतोच, पहिल्या व्हॅरियाक्सला नव्हता, त्यामुळे वीज किंवा बॅटरी गेली की स्पीकरमधून शून्य. घेताना विचारा, साधा पिकअपही आहे ना. आणि मांडवात अर्थिंग तपासल्याशिवाय काही जोडू नका, ते मात्र सनईला लागत नाही.